चंद्रावर शेजारी नसतात

नाना, तुमचा धड असा एकच फोटो आहे आणि तो मी बिघडवलेला आहे. उभ्या सिल्वासाचे फोटो काढलेत तुम्ही, पण स्वतः कॅमेऱ्यासमोर बसायची वेळ आली की तुम्हाला हमखास काहीतरी काम निघायचं. लग्नातलासुद्धा नाही. आई सांगते, ठरवलेला फोटोग्राफर आलाच नाही आणि तुम्ही मुंडावळ्या बांधून पाहुण्यांचेच फोटो काढत फिरत होतात. उरला तो हा एक. माझी दहावीची परीक्षा झाली होती, आणि तुम्ही म्हणालात, नुसती लोळू नकोस, दुकानात चल. मला दिवे लावायला शिकवायचं म्हणून तुम्ही स्वतः खुर्चीत बसलात. मागं तुम्हीच रंगवलेला समुद्राचा पडदा, त्यात डाव्या कोपऱ्यात मावळता सूर्य. मी दिवा लावला उजवीकडं आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. फोटो धुऊन हातात आला तेव्हा तुम्ही तो बराच वेळ बघत राहिलात, आणि मग चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "दोन सूर्य आहेत का गं तुझ्या राज्यात? पडद्यातला डावीकडं आणि बापावरचा उजवीकडं?" गिऱ्हाइकं हसली. मला इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी तुम्हाला मनात काय काय बोलले ते इथं लिहवत नाही. पण तुम्ही तो फोटो फाडला नाहीत. का नाही फाडलात, ते विचारायचं राहूनच गेलं.

मी हल्ली काय करते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला काही कळायचं नाही. माझी नोकरी सायली गावात, खोकी छापणाऱ्या कारखान्यात. बिस्किटांच्या, साबणांच्या खोक्यांवरची चित्रं मी संगणकावर बसवते. मध्ये एका पार्टीला कॅलेंडरसाठी अंतराळाची चित्रं हवी होती, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मला एक सिम्युलेटर दाखवला. अंतराळयान चालवायचा खेळच म्हणा ना. सूर्य, पृथ्वी, चंद्र, शनी सगळे खऱ्या गणितानं आपापल्या वाटेनं फिरत असतात आणि आपण त्यात यान घेऊन शिरायचं. बाकीचे लोक त्यात उड्डाणं शिकतात, यानाला यान जोडतात, इंधन किती उरलं त्यावरून एकमेकांशी भांडतात. मला त्यातलं काही धड येत नाही. माझी यानं आपटतात. मी आपली कुठंतरी कशीबशी उतरते, पडद्यावरचे काटे-आकडे सगळे लपवते, कॅमेरा यानाच्या बाहेर नेते आणि देखावा शोधत बसते. डोंगराची कड कुठं आली की बरं दिसेल, सावली किती लांब पाहिजे, यान कोपऱ्यात ठेवू की मधोमध. मनासारखं जमलं की चित्र टिपून ठेवायचं. कॅलेंडर कधीच छापून झालं, माझं वेड काही गेलं नाही.

आणि गंमत बघा, तिथं तुमचंच सगळं कामी येतं. क्षितिज माणसाच्या मानेतून जाऊ देऊ नको, मान कापल्यासारखी दिसते, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत! मी अजून चंद्राचं क्षितिज खाली ठेवते. फक्त एक फरक आहे. तिथं दिवा उचलून इकडचा तिकडं ठेवता येत नाही. सूर्य एकच, आणि तो आपलं ऐकत नाही. उजेड दुसऱ्या बाजूनं हवा असला तर काळ भरभर पुढं पळवायचा आणि सूर्य तिकडं जाईपर्यंत वाट बघायची. तुम्हाला हे फार आवडलं असतं. म्हणजे आधी तुम्ही "ब्रश कुठाय?" म्हणून नाक मुरडलं असतंत, आणि मग मला खुर्चीवरून उठवून स्वतः बसला असतात.

सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की मी जी बसते ती दिवेलागणीपर्यंत. आई आतल्या खोलीत टीव्ही लावते, आवाज अगदी बारीक, माझं काम मोडायला नको म्हणून. काम कसलं डोंबलाचं! मीच तिला तसं सांगून ठेवलं होतं, ऑफिसचं आहे म्हणून. गुडघ्यांमुळं तिला जिना उतरवत नाही, अथालच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच, आणि आठवड्यातला एक दिवस मी घरी असते तो शनीच्या कड्यांपाशी घालवते. लाज वाटते. पण उठवत नाही, हेही खरं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिनं प्लास्टिकची खुर्ची फरफटत माझ्या शेजारी आणली. "काय एवढं बघत बसलीयस गं? मलाही दाखव." मग मी तिला एकेक चित्र दाखवत गेले. मंगळ बघून म्हणाली, हे तर आपल्याकडच्या विटांच्या भट्टीसारखं आहे. शनी तिला आवडला, पण भडक वाटला. मी चेष्टेनं म्हटलं, "ताजमहालही मिळाला असता तर?" "नको बाई," ती म्हणाली, "तुझे नाना तो पडदा रोज लावायचे आणि रोज शिव्या घालायचे. थडग्यासमोर नवरा-बायको बसवतो मी, म्हणायचे." आम्ही दोघी खूप हसलो. मग चंद्राचं चित्र आलं. राखाडी जमीन, काळं आभाळ आणि कडेला निळी पृथ्वी. ती त्यावर थांबली. पदरानं चष्मा पुसून परत बघितलं. "माझा आणि नानांचा जोडीचा फोटो करून दे," ती म्हणाली, "आणि मागं हे लाव."

"इथंच का गं?"

"इथं शेजारीपाजारी कोणी नाही ना?"

"आई, चंद्रावर हवासुद्धा नाही!"

"मग बरंय," ती म्हणाली. मी ते थट्टेवारी नेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंसुद्धा, आमच्या मातोश्रींना कसा निवांत प्लॉट हवाय म्हणून.

पण जोडीचा फोटो म्हटल्यावर मला किलवणीची ती बाई आठवली होती, तेव्हाच, खुर्चीत बसल्या बसल्या. तुम्हालाही आठवत असेल. नवरा तापानं गेलेला, आणि त्याचा कारखान्याच्या ओळखपत्रावरचा एवढासा फोटो ती रुमालात गुंडाळून घेऊन आली होती. तिला त्याच्या शेजारी बसायचं होतं. तेव्हा सगळेच स्टुडिओवाले करून द्यायचे, मेलेला नवरा आणि जिवंत बायको एका चौकटीत, मागं फुलदाणी. तुम्ही म्हणालात, "त्यांचा एकट्यांचा मोठा करून देतो बाई, रंग भरून देतो. शेजारी बसवत नाही." ती म्हणाली, का? तुम्ही म्हणालात, "खोटं असतं ते." तिनं मागच्या पडद्याकडं हात केला. "आन ह्यो ताजमहाल खरा हाय का?" मला फस्सकन हसू आलं. तुम्ही माझ्याकडं रोखून बघितलंत. "माणूस गेलाय तिचा. हसायला काय झालं?" ती बाई रुमाल बांधून निघून गेली. तुम्ही दिवे चालू ठेवून कितीतरी वेळ रिकाम्या खुर्चीसमोर बसून होतात, आणि बिलाची एवढी काळजी करणारा माणूस दिवे का बंद करत नाही म्हणून मी दारातूनच बघत होते. पुढं मी ही गोष्ट लोकांना अभिमानानं सांगायची. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात असला खोटा फोटो केला नाही, तत्त्वाचा माणूस, वगैरे वगैरे.

तरी मी करायला घेतलाच ना! आईनं इतक्या वर्षांत मागितलेली ही पहिली वस्तू होती, हे कारण मी स्वतःला दिलं. ते खरंही होतं. पण खरं सांगू का, माझे हात शिवशिवत होते. तुमच्या त्या बिघडलेल्या फोटोत उजेड उजवीकडून आहे, आणि आता माझ्या हातात असा पडदा होता की ज्यातला सूर्य मी उजवीकडं येईपर्यंत थांबू शकत होते. दोन सूर्यांची चूक एकदाची पुसता येणार होती. मी चंद्राच्या अशा कडेला उतरले की पृथ्वी क्षितिजाच्या जरा वर, तुमच्या दोघांच्या डोक्यांच्या मधल्या जागेत येईल. काळ पुढं पळवला. सूर्य वर चढला, सावल्या आखडल्या, मग तो पलीकडं कलला आणि दगडांच्या सावल्या डावीकडं लांब पडायला लागल्या. तुमच्या नाकाची सावली ज्या अंगाला पडलीय, अगदी त्याच अंगाला. मी खुर्चीतच टाळी वाजवली. समुद्राच्या पडद्यातून तुम्हाला कापून काढलं, कडा मऊ केल्या आणि त्या राखाडी जमिनीवर बसवलं. इतके छान दिसत होतात! आता फक्त आई हवी होती.

तिला मी हॉलमधल्या खिडकीशी बसवलं, उजेड उजवीकडून येईल अशी. तिनं ती मोरपंखी साडी नेसली होती, तुम्ही सुरतेहून आणलेली. बसली आणि परत उठली. "कुंकू लावू का?" म्हणाली. असं विचारलं, जसं काही मीठ आणखी घालू का. मी मोबाइलचा कॅमेरा नीट करत होते. "लाव की, त्यात काय!" मी म्हटलं. मी लग्न केलं नाही, मला टिकली म्हणजे रंगाचा एक ठिपका, साडीवर जाते की नाही एवढाच प्रश्न. तुम्ही गेलात त्याच वर्षी मी तिला ठणकावून सांगितलं होतं, लाव गं, हल्ली कोण मानतं असलं काही. ती म्हणाली होती, असू दे. तर ती देवघरापाशी गेली आणि देवीच्या करंड्यातलं कुंकू घेऊन लावून आली, आरशाशिवाय, करंगळीशेजारच्या बोटानं. बरोबर मधोमध, पहिल्यासारखं मोठ्ठं. इतकी वर्षं झाली, पण हात विसरला नव्हता. मी मान वर केली आणि मला एकदम ती दिसली, दुकानात तुमचा डबा घेऊन यायची ती, जिन्यावरूनच "जेवलात का?" विचारणारी. पदर तिनं गळ्याभोवती ओढून घेतला होता, आत मंगळसूत्र नाही ते दिसू नये म्हणून. फोटो काढताना ती हसली नाही, पण ताठ बसली. मी भरपूर फोटो काढले. संपले तरी ती तशीच बसून राहिली, खिडकीकडं तोंड करून. मी लॅपटॉपवर तिचा चेहरा तुमच्या शेजारी ठेवून उजेड जुळतोय का ते बघायला लागले होते.

तेवढ्यात बेल वाजली. आई उठली, मोरीत गेली आणि कुंकू पुसून आली. ओल्या पंच्यानं पुसलं, खसाखसा. दारात खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन होत्या, ढोकळ्याची ताटली घेऊन. "अरे वाह मासी, आज तो बहु सरस लागो छो!" त्या म्हणाल्या. मग कपाळाकडं बघून म्हणाल्या, "ये क्या हुआ, मच्छर?" कपाळ घासून घासून लाल झालं होतं. आई म्हणाली, "हां, मच्छर." त्या बसल्या, साडीचं कौतुक केलं, ढोकळ्यात सोडा जरा जास्त झाला म्हणून हळहळल्या आणि गेल्या. त्यांनी कुंकू बघितलं असतं तरी त्यांच्या लक्षात आलं असतं की नाही कोण जाणे. मग आई साडी बदलायला आत गेली.

फोटो झाला. चांगला झाला, नाना, तुमच्या कसोटीला उतरेल इतका. उजेड एका बाजूनं, क्षितिज खांद्यांच्या खाली, दोघांच्या सावल्या एकीकडं. आईच्या कपाळावर कुंकू आहे. तिनं तो हातात घेऊन पुष्कळ वेळ बघितला, तुमच्या बाहीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "भिंतीला नको लावू. माझ्या कपाटाच्या दाराला आतून लाव." मी म्हटलं, एवढा मेहनतीनं केलेला फोटो कपाटात? तिनं कपाटाचं दार उघडून धरलं. तसा लावला.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. मी आपली बडबड करत होते, ती किलवणीची बाई, तुमची तत्त्वं, आणि तुम्ही असता तर मला हा फोटो करू दिला नसता हे सगळं. आई देठं मोडता मोडता थांबली. "तत्त्व कसलं आलंय," ती म्हणाली, "त्यांनी केला होता असा फोटो. एकदाच. तू लहान होतीस." मी हातातली मेथी खाली ठेवली. "ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तरुण होती म्हणे. शेजारी नवरा बसणार म्हणून दुकानातल्या आरशात बघून तिनं कुंकू लावलं. फोटो झाला, पैसे दिले, आणि तशीच जिन्याकडं निघाली. तुझ्या नानांनीच तिला हाक मारली. बाई, पुसून जा, बाहेर लोक आहेत. ती परत आरशापाशी आली आणि पुसलं. घरी येऊन सांगितलं मला आणि ताटावरनं उठून गेले. म्हणाले, तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला बायांनी पुसलं असेल ते एक. आज मी पुसायला लावलं." आईनं मेथीची जुडी परत हातात घेतली. "तेव्हापासून नाही केला कधी कोणाचा."

 मी विचारलं, "मग हे सगळं माहीत असून तू मला फोटो करायला का सांगितलंस?"

"मला एकदा लावायचं होतं," आई म्हणाली. "नुसतं कसं लावणार? काहीतरी निमित्त पाहिजे ना."

तिनं भाजी धुवायला घेतली. मी तिथंच बसून राहिले, आणि मला तुमची ती दिवे चालू ठेवून बसलेली दुपार दिसत होती. मी तुम्हाला केवढा मोठा सत्यवचनी करून ठेवलं होतं! तुम्ही किलवणीच्या त्या बाईला परत पाठवलंत ते खोट्याला भिऊन नव्हतंच. आणि ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, तिलाही सांगितलं नाहीत. ती तशीच गेली, तिला तुमचं म्हणणं पटलेलं नव्हतं, आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं. एवढं एक तुम्हाला सुनवायचं होतं. पण सुनवणारी मी कोण?

आई आता रोज सकाळी आंघोळ झाली की कपाट उघडते. साडी काढायला वेळ लागावा त्याहून जास्त वेळ दार उघडं असतं. मी तिकडं जात नाही. सिम्युलेटरही मध्ये बरेच दिवस उघडला नाही, मग परत उघडला, म्हणजे सुधारले वगैरे काही नाही. फक्त आता आवाज मोठा कर म्हणते टीव्हीचा, आणि तीही करते.

हे पत्र मी कुठं टाकणार आहे? तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही. वर मी लिहिलंय ना, बेल वाजली, आई उठली, मोरीत गेली. तसं झालं नाही, नाना. बेल वाजली तेव्हा आई उठलीच नव्हती. ती खिडकीशी तशीच बसली होती, कुंकू लावून, आणि दाराकडं बघून मला म्हणाली होती, "उघड ना." मीच म्हणाले, "आई, आधी ते पूस."